गोळा कुणाकडे

मुकादमाने पिशवीसकट गोळा हवेत उडवला आणि एका हाताने झेलला. दुसऱ्यांदा उडवला तो जरा जास्तच उंच. मजूर हसले. रुळांनी भरलेल्या गाडीवर ब्रेकचा दांडा धरून उभा असलेला ब्रेकवाला मात्र हसला नाही, आणि बापाकडे बघायचंही त्याने टाळलं. आबा दोन्ही हात पुढे करून तसेच उभे होते. गोळा दोन हातांनी द्यायचा आणि दोन हातांनी घ्यायचा ही त्यांची चाळीस वर्षांची सवय, आणि मुकादमाने तो मधल्या मध्ये हिसकावून घेतला होता.

"हा चेंडू घेऊन जायचं म्हणे खाली!" मुकादम म्हणाला. "का रे, वाटेत कुणाशी खेळायला थांबणार आहेस का?"

बटाट्याची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी राहिलेली सून हे बघत होती. नवऱ्याचे कान लाल झालेले तिला तिथूनही दिसले. तो रागावला की बोलत नाही, नुसते कान बोलतात, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

"साहेब, द्या इकडे," ब्रेकवाला हळूच म्हणाला.

मुकादमाने गोळा त्याच्याकडे फेकला. त्याने तो पोटाशी झेलला, पिशवीचं वेताचं कडं खांद्यात अडकवलं आणि ब्रेक सोडला. गाडी कुरकुरत उताराला लागली. आबांचे हात अजून पुढेच होते. मग ते त्यांनी सावकाश मागे घेऊन सदऱ्याला पुसले.

डोंगरातली ही लाइन म्हणजे तसं खेळणंच. दोन रुळांमध्ये दोन फुटांचं अंतर, आणि नऊ मैलांची वाट. वर पाटीच्या दगडाची खाण, खाली मोठ्या गाडीचं स्टेशन, आणि मध्ये डोंगराला तीन वेढे. पूर्वी पाच इंजिनं होती, आणि पाचही चढावर अशी धापा टाकायची की उतारू खाली उतरून बाजूने चालायचे, बोलत-बोलत पुढे जायचे आणि वरच्या नाक्यावर गाडीची वाट बघत बसायचे. पण लाइन एकेरी. वळणावळणांची. समोरून काही येत असेल तर ते अंगावर आल्यावरच कळायचं. म्हणून वरचा नाका आणि खालचं फाटक या दोघांत मिळून एकच गोळा. मुठीएवढा, पितळी, चामड्याच्या पिशवीत. तो ज्याच्या हातात, लाइन त्याची. त्याच्याशिवाय मंत्री आला तरी गाडी हलायची नाही. दरडी कोसळल्या, इंजिनं घसरली, एकदा पूल वाहून गेला, पण पंचावन्न वर्षांत समोरासमोर टक्कर एकही झाली नाही. आबा वरच्या नाक्यावरचे सांधेवाले. लाइनचा इतिहास त्यांना कुणी विचारला की ते एवढंच सांगायचे. बाकीचा त्यांना इतिहास वाटायचाच नाही.

अकरा वर्षांपूर्वी खाण बसली आणि लाइन बंद झाली. साहेब लोक आले, घंटा, कंदील, घड्याळं, सगळं मोजून घेऊन गेले. गोळा मात्र आबांच्या खाटेखाली राहिला. चुकून राहिला, असं ते म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. आणि मग सरकारने बंद केलेली लाइन या डोंगरातल्या लोकांनी गुपचूप चालू ठेवली. ब्रेकवाल्याने जुनी चाकं जोडून ढकलगाडी केली. वरच्या वस्तीचे बटाटे तो उतारावरून खाली न्यायचा. खाली फाटकवाला होता, नात्याने लांबचा भाऊ. त्याच्याकडे खेचर होतं. तो ते आपल्या हलक्या गाडीला जुंपून मीठ, रॉकेल, आजारी माणूस, जे काय असेल ते वर आणायचा. कोणाची गाडी निघायच्या आधी गोळा हातात असलाच पाहिजे. गोळा नसेल त्या टोकाला, तर दुसऱ्या टोकाचा माणूस तो पायवाटेने कुणाकडे तरी पाठवायचा. पायवाट सरळ उतरायची, तीन मैलांचीसुद्धा नव्हती. हसण्यासारखी गोष्ट खरी. दोन ढकलगाड्या, एक खेचर, आणि त्यांच्यावर इंजिनाचा कायदा. पण तो कायदा मोडायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

आता ठेकेदार रूळ उपटायला आला होता. खाणीकडून सुरुवात झाली होती, आणि रुळांचं तुटकं टोक रोज खाली सरकत या घराच्या जवळ येत होतं. काल ते वरच्या ओढ्यापाशी होतं, आज कण्हेरीच्या झुडपापाशी. उपटलेले रूळ गाडीवर लादून उरलेल्या लाइनवरूनच खाली न्यायचे, आणि दोन टन लोखंड त्या उतारावर सांभाळील असा ब्रेकवाला एकच. म्हणून मुकादमाने त्याला कामावर घेतलं. ज्या रुळांवर पोट होतं तेच उपटायचं काम. नाही म्हणायची सोय नव्हती. तो नाही म्हणाला असता तर त्यांनी दुसरा कुणी आणला असता, आणि रूळ गेलेच असते.

संध्याकाळी ब्रेकवाला परत आला, गोळा खुंटीला अडकवला, हातपाय धुतले आणि ताटावर बसला. पहार मारून-मारून त्याच्या हाताची कातडी सोलली होती. घास उचलताना बोटं मिटत नव्हती. आबा समोर बसले होते.

"उद्यापासून मी हा गोळा नेणार नाही," तो ताटाकडे बघत म्हणाला.

आबांनी हातातला घास खाली ठेवला.

"लाइनवर ठेकेदाराची एकच गाडी आहे, आबा. सगळे हसतात. मला चेंडूवाला म्हणायला लागलेत."

"म्हणू देत."

"तुम्हाला काय जातंय! ऐकायला मला लागतं."

"गोळा घेतल्याशिवाय माझ्या नाक्यावरून गाडी जायची नाही."

"तुमचा नाका!" ब्रेकवाला एकदम म्हणाला. "कुठंय नाका? अकरा वर्षं झाली, आबा. घंटा नाही, सिग्नल नाही, पगार नाही. तुम्ही एकटेच नोकरी करताय."

बोलून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं असणार, कारण तो तसाच उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. आबा जेवले नाहीत. सुनेने दोघांची ताटं उचलली. तिला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही कीव येत होती. अशा वेळी बायकांनी काय करायचं असतं ते तिने केलं, म्हणजे भांडी जोरात घासली.

आणि या सगळ्या घुश्शात सासूची गोष्ट राहूनच गेली.

सासू खालच्या दवाखान्यात होती. मोतीबिंदू काढला होता. उद्या घरी सोडणार, असा निरोप दुपारीच आला होता. फाटकवाला तिला आपल्या गाडीतून वर आणणार होता, पण त्यासाठी गोळा खाली जायला हवा होता. सून नवऱ्याला सांगायला दोनदा पायरीपर्यंत गेली. दोन्ही वेळा त्याची पाठ बघून परत आली. तिने मनात हिशेब केला तो असा: मुकादम तिच्या देखत म्हणाला होता, उद्या माल जायचा नाही, उद्या नुसतं उपटायचं, लॉरी परवा येणार. म्हणजे उद्या लाइन रिकामी. गोळा खाली पाठवायला हरकत काय? सकाळी सांगू, असं म्हणून ती झोपली.

सकाळी ती उठली तेव्हा तो चहा न घेताच वर कामावर निघून गेला होता.

दूधवाला नेहमीप्रमाणे किटल्या घेऊन पायवाटेने खाली निघाला होता. तिने खुंटीवरचा गोळा काढून त्याच्या गळ्यात अडकवला.

"भाऊजींच्या हातात द्या. म्हणावं आईंना घेऊन लगेच निघा, लाइन मोकळी आहे."

"दोन हातांनी देऊ ना?" दूधवाला हसत म्हणाला.

"दोन हातांनीच द्या," ती म्हणाली आणि तीही हसली.

आबांना तिने सांगितलं. ते नुसते हुं म्हणाले, पण तेवढ्यानेही त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कुणीतरी अजून नियमाने वागत होतं. मग ते पाणी आणायला झऱ्यावर गेले आणि ती बटाट्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसली.

ऊन अंगावर यायला लागलं होतं तेव्हा वरून आवाज आला. घसघस, घसघस. तिने मान वर केली, पण हात चालूच ठेवले. खाली-वर करताना रिकामी गाडी कधी कधी थोडी पुढे आणतात, तसं असेल. मग झाडांच्या आडून गाडी पुढे आली. ती रिकामी नव्हती. रूळ शिगोशिग लादलेले, वर साखळदंड, त्या साखळदंडावर मुकादम पाय सोडून बसलेला, आणि मागे ब्रेकवाला.

ती उठून धावत सुटली. वाफा ओलांडताना पाय ढेकळात मुरगळला, तरी धावली.

"थांबा! अहो, थांबा!"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. गाडी घरासमोर आली होती. काल जिथे थांबली होती तिथे आज थांबली नाही.

"लॉरी आजच आलीय!" मुकादम ओरडला. "उशीर होतोय. चल रे!"

"गोळा!" ती ओरडली. "गोळा खाली..."

चाकांच्या खडखडाटात तिला स्वतःलाच आपला आवाज ऐकू येईना. नवऱ्याला मात्र 'गोळा' एवढं ऐकू गेलं असावं, कारण त्याच्या कपाळावर आठी आली आणि त्याने तिच्याकडे बघून हात झटकला. नको म्हणून. मला तो चेंडू नको. मुकादम खो-खो हसला. गाडी सांध्यावरून धडधडत गेली, वळली, आणि दिसेनाशी झाली.

नवऱ्याच्या डोक्यात काय चाललं असणार ते तिला लख्ख दिसत होतं. तो बेफिकीर नव्हता. दुसरा कुणी असता तर वळणावर निदान डोळे ताणून बघितलं असतं, कानोसा घेतला असता. हा बघणार नव्हता. गोळा आपल्या घरी खुंटीला आहे, म्हणजे खालून कुणी निघूच शकत नाही. गोळा न घेताही तो गोळ्याच्याच भरवशावर चालला होता. आणि खाली फाटकवाला गोळा गळ्यात घालून तितक्याच निवांतपणे वर चढत असणार. गाडीत डोळ्याला पट्टी बांधलेली सासू.

ती पायवाटेने खाली सुटली.

पायवाट तीन ठिकाणी लाइन ओलांडायची, प्रत्येक वेढ्याला एकदा. पहिल्या ठिकाणी गाडी गाठायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. चप्पल पहिल्याच उतारावर तुटली. तिने दुसरीही काढून टाकली. खडी टोचत होती, काटे लागत होते, छातीत भाता चालल्यासारखा श्वास वाजत होता. झुडपांतून ती लाइनवर आली तेव्हा गाडी तिच्यासमोरून नुकतीच गेली होती. दहा पावलं. फक्त दहा. ब्रेकवाल्याची पाठ तिला दिसत होती, घामाने सदरा चिकटलेला.

"अहो!"

त्याने वळून पाहिलं. यावेळी तो चिडला नाही, गोंधळला. त्याने ब्रेकच्या दांड्यावर भार टाकलेला तिला दिसला. लाकडाचा ठोकळा चाकावर किंचाळला. पण दोन टन लोखंड उतारावर बायकोच्या हाकेने थांबत नसतं. गाडी जराशी मंदावली आणि पुढे निघूनच गेली. मुकादम मागे वळून काहीतरी ओरडत होता. ब्रेकवाल्याने भार काढून घेतला.

आता दुसरं वळण. तिथे ती आधी पोचली. लाइन दोन्हीकडे रिकामी होती. तिने रुळावर हात ठेवला. रूळ थरथरत होता, पण वरच्या गाडीने की खालच्या, ते कळायला काही मार्ग नव्हता. बाजूला दरडीचे दगड पडले होते. तिने दोन्ही हातांनी एक उचलला. रुळावर ठेवला की गाडी थांबेल. थांबेल, आणि लादलेल्या रुळांसकट दरीत जाईल. नवरा मागे उभा असतो, त्याला उडी मारायलाही जागा नाही. तिने दगड तसाच धरून ठेवला. एकीकडे नवरा, एकीकडे सासू. काही बोलायला कुणी नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. मग तिला एवढंच सुचलं की भरलेली गाडी थांबवता येत नाही, हलकी थांबवता येते. तिने दगड बाजूला टाकला आणि पुन्हा पायवाटेला लागली.

तिसऱ्या वेढ्याला लाइन खडक फोडून नेलेली. एका बाजूला सरळ भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये गाडीपुरतीच जागा. ती घसरत, गवत धरत तिथे उतरली, आणि तिला खेचर दिसलं.

खेचर उभं होतं. मागे फाटकवाल्याची गाडी, गाडीत पोत्यावर सासू बसलेली, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, मांडीवर औषधाची पिशवी. आणि फाटकवाला खेचराच्या ढुंगणावर काठी मारत होता.

"चल की! आज काय झालंय या जनावराला, एक पाऊल टाकत नाही!"

खेचराचे कान वरच्या दिशेला टवकारले होते. त्याला गोळ्याचा नियम ठाऊक नव्हता, म्हणून ते थांबलं होतं.

"भाऊजी! उतरवा आईंना! गाडी येतेय!"

फाटकवाल्याने तिच्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"कसली गाडी?"

"रुळांची! हे आहेत तिच्यावर. उतरवा म्हणते ना!"

"काहीतरी काय वहिनी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "गोळा माझ्याकडे आहे."

"अहो, ते गोळा न घेताच निघालेत!"

"तो? तो निघायचा नाही. आबांचा मुलगा आहे तो." त्याने गळ्यातली पिशवी पुढे करून दाखवली, अगदी साहेबाला दाखवावी तशी. "हे बघा ना. माझ्या हातात गोळा असताना समोरून कोण येईल?"

"कोण आलंय गं?" सासू विचारत होती. "सूनबाई आलीये का? काय झालं?"

"काही नाही काकू, तुम्ही बसा."

वरून आवाज येत होता. आता तो तिला स्पष्ट ऐकू येत होता, खडकात घुमत होता. फाटकवाल्यालाही ऐकू येत असणार. पण तो आवाज कशाचा असू शकतो आणि कशाचा असू शकत नाही, हे त्याचं तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

"सुरुंग लावत असतील वर," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा काठी उगारली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडून उपयोग नव्हता, रडून नव्हता. या भल्या माणसाला जगातली कुठलीच गोष्ट खाली उतरवणार नव्हती. तिने पुढे होऊन त्याच्या गळ्यातली पिशवी धरली आणि हिसडा मारला. वेताचं कडं त्याच्या कानाला घासून बाहेर आलं.

"वहिनी!"

तिने ती पिशवी गरकन फिरवली आणि दरीत भिरकावून दिली.

दोघंही बघत राहिले. पिशवी एकदा खडकावर आपटली, तिच्यातून पितळ चमकून बाहेर पडलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी खाली नाहीसं झालं.

"आता नाही तुमच्याकडे," ती म्हणाली.

फाटकवाल्याने आधी आपल्या रिकाम्या छातीवर हात फिरवला, मग पायाखालच्या रुळांकडे पाहिलं, आणि विस्तवावर उभा असल्यासारखा उडी मारून बाजूला झाला. लाइन त्याची राहिली नव्हती. तिच्यावर उभं राहायचा त्याला अधिकार नव्हता. आणि तो बाजूला होताच, जणू कानातला बोळा निघावा तसं त्याला ऐकू आलं.

"अगं आई गं," तो म्हणाला. "गाडी आहे!"

मग तो चपळ झाला. त्याने गाडीचा ब्रेक आवळला, खेचराचा पट्टा सुटत नाही म्हणून कमरेच्या विळ्याने कापला, आणि खेचर कुणी न सांगता गाडीच्या कडेने घुसून उताराने खाली पळालं. सुनेने सासूला काखेत हात घालून उचललं. म्हातारी हलकी होती पण घाबरून ताठ झाली होती, आणि औषधाची पिशवी काही केल्या सोडत नव्हती.

"पिशवी राहू द्या आई!"

"थेंब आहेत त्यात डोळ्यांचे!"

खडकात लाइन दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांसाठी एक कोनाडा कोरलेला होता, गाडी आली की उभं राहायला. तिने सासूला त्यात पिशवीसकट ढकललं आणि परत आली. ढकलगाडी राहिली होती. लाइनवर तशीच सोडली असती तर वरची गाडी तिच्यावर आदळून उडाली असती. फाटकवाल्याने एका बाजूने खांदा लावला, तिने त्याच्या शेजारी. ती गाडी त्याने स्वतःच्या हाताने बनवली होती. एक क्षण त्याचा खांदा अडखळला.

"भाऊजी, लावा जोर!"

गाडी कलंडली, चाकं वर झाली, आणि ती गोळ्याच्या मागोमाग गेली. दोघं कोनाड्यात घुसले. तिघांना त्यात जागा नव्हती. तिने सासूला भिंतीशी दाबून धरलं आणि पाठ लाइनकडे केली.

लादलेली गाडी खडकातून आली तेव्हा सगळा डोंगर हलल्यासारखा वाटला. वळणावर रुळांची मागची टोकं बाहेर फेकली जात होती; त्यातल्या एकाने कोनाड्याच्या कडेचा टवका उडवला आणि तो तिच्या मानेला लागला. जळक्या लाकडाचा वास आला. मुकादमाचा ओरडा आला. आणि ब्रेकची ती लांबलचक किंकाळी.

"ब्रेक माझ्या लेकाचा आहे," सासू तिच्या खांद्यात पुटपुटली. "असा तोच धरतो."

पुढे पुलाआधी लाइन जराशी सपाट होती. तिथे गाडी थांबली. तिने डोकं बाहेर काढलं. ब्रेकवाला धुरातून खाली उतरला होता आणि त्यांच्याकडे धावत येत होता. जवळ आल्यावर तो चालायला लागला. मग थांबला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या पट्टीकडे, फाटकवाल्याकडे, रुळावर पडलेल्या तुटक्या पट्ट्याकडे. गाडी जिथे असायला हवी होती तिथे पाहिलं.

"गोळा घरी होता," तो म्हणाला. "खुंटीला होता ना?"

"मी सकाळी खाली पाठवला. आईंना आणायला."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही पाठ करून बसला होतात."

तो रुळावर बसला. त्याने सोललेले हात गुडघ्यांवर ठेवले. ती त्याच्या शेजारी बसली. तिला आता पायांची आग जाणवायला लागली होती, आणि रडू येत होतं, आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. तिने यातलं काहीच केलं नाही. त्याच्या हातांवर आपला हात ठेवला आणि दाबून धरला.

मुकादम पांढराफटक पडला होता, पण तो लवकर सावरला. अशी माणसं सावरतातच.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "कुणाला लागलं नाही ना? चल, गाडी काढ. लॉरी उभी आहे खाली."

ब्रेकवाल्याने मान हलवली.

"गोळा नाही."

"अरे, खड्ड्यात गेला तुझा गोळा!"

"हो," ब्रेकवाला म्हणाला. "तिथेच गेलाय. आता खालपर्यंत मी गाडी नेणार नाही. दुसरा कुणी नेत असेल तर बघा."

"काम नको का तुला? उद्या दारात आलास तर उभं करणार नाही. समजलं?"

"समजलं."

त्याने आईसमोर बसून पाठ पुढे केली. म्हातारीने चाचपत त्याच्या गळ्यात हात घातले. फाटकवाला खेचर शोधायला खाली निघाला. जाताना दरीकडे बघत सुनेला म्हणाला, "वहिनी, तीस वर्षांत माझ्या गळ्यातल्या गोळ्याला कुणी हात लावला नव्हता," आणि मग जरा थांबून, "बरं झालं," असं म्हणून वळला. मुकादम भरल्या गाडीपाशी एकटाच शिव्या देत उभा होता.

पायवाटेने वर यायला दुपार कलली. निम्म्या वाटेवर सासू म्हणाली, मी चालते, आणि दोघांचे हात धरून चालली. सुनेला चढ जाणवत नव्हता. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, आबांना काय सांगायचं. नवऱ्याची नोकरी गेली, भाऊजींची गाडी गेली, ते सगळं सांगता आलं असतं. पण गोळा तिने फेकला होता. हरवला नव्हता, पडला नव्हता. तिने स्वतःच्या हाताने फेकला होता. घरात कुणी त्याला धक्काही लागू देत नव्हतं, फडक्याने पुसतानाही आबा शेजारी उभे राहायचे. आबा मारणार नव्हते, ओरडणार नव्हते. ते जेवायचे बंद होतील आणि तिच्याशी बोलायचे बंद होतील, याचीच तिला धास्ती होती. उंबऱ्याच्या आत मुकेपणा घेऊन कशी वर्षं काढायची?

आबा सांध्याच्या दांड्यापाशी स्टुलावर बसले होते. झऱ्यावरून येताना त्यांनी गाडीचा आवाज ऐकला होता, रिकामी खुंटी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिथेच बसले होते. पाण्याची घागर तशीच उन्हात होती. बायको दिसली तेव्हा ते उठले, पण पुढे आले नाहीत.

"मी गोळा न घेता गेलो, आबा," ब्रेकवाला म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सुनेला विचारलं, "कुठे?"

"तिसऱ्या वेढ्याला. खडकात."

"कोण कोण होतं?"

"आई, भाऊजी, हे, मुकादम. मी." ती बोटांवर मोजत होती. "खेचर होतं."

"सगळे आहेत?"

"सगळे आहेत."

"गोळा कुणाकडे?"

चाळीस वर्षं ते हेच विचारत आले होते, याच सुरात. तिला खोटं बोलणं जमलं असतं. तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. ते नुसतं तिच्या तोंडून निघालं नाही.

"मी दरीत टाकला. भाऊजी उतरत नव्हते. गोळा आहे म्हणून उतरत नव्हते."

सासू पट्टीखालून डोकं इकडेतिकडे वळवत होती, कोण कुठे उभं आहे त्याचा अदमास घेत. आबा वळले आणि घरात गेले. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. सुनेने डोळे मिटून घेतले.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाना होता. लांब दांड्याचा, त्यांच्याच वेळचा. ते घरासमोरच्या रुळापाशी गेले, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि दोन रूळ जिथे जोडले होते तिथल्या पट्टीच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. ठेकेदाराच्या माणसांना इथवर पोचायला अजून दोन-चार दिवस होते.

"आबा, काय करताय?" ब्रेकवाला म्हणाला.

"गोळा नाही, तर लाइन नाही," आबा म्हणाले. "हातात गोळा नसताना कुणी यावरून जायला नको."

त्यांनी जोर लावला. बोल्ट हलला नाही. मानेच्या शिरा ताणल्या, पाना निसटून खडीवर आपटला. त्यांनी तो पुन्हा लावला. ब्रेकवाला त्यांच्याजवळ बसला आणि सोललेल्या हातांनी दांडा धरला. दोघांनी मिळून ओढला. तरीही नाही.

आबांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ.

"गंजलाय," ते म्हणाले. "सूनबाई, तेल आण. आणि आधी पाय धू, रक्त येतंय."